हायलक्स, व्ही-क्रॉस: ताकद मोजायची कशी आणि वाढवायची कुठवर

टोयोटा हायलक्स पिकअपचं 2.8 लिटर डिझेल इंजिन कागदावर 204 पीएस (मेट्रिक हॉर्सपॉवर) देतं, इसुझू व्ही-क्रॉस पिकअपचं 1.9 लिटर 163 पीएस. हे आकडे क्रँकशाफ्टवरचे, म्हणजे थेट इंजिनच्या दांड्यावर मोजलेले. गाडी डायनोवर, म्हणजे रोलरवर चाकं फिरवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, चढवली की चाकांवर त्यातले साधारण 15 ते 20 टक्के कमी दिसतात, कारण गिअरबॉक्स, प्रॉपेलर शाफ्ट, मागचं डिफरन्शियल आणि टायर आपापला वाटा खातात. तेव्हा हायलक्सने रोलरवर 168 पीएस दाखवले म्हणून इंजिन खराब झालं असं समजू नका. दोन वेगळ्या डायनोंचे आकडेही एकमेकांशी ताडू नयेत. त्याच डायनोवर, त्याच टायर प्रेशरला, जवळपास त्याच तापमानात आधी आणि नंतर काढलेल्या आकड्यांतला फरक तेवढा खरा.

रिकामा पिकअप मागे हलका असतो. पाटे कडक, हौद्यात काहीच नाही, त्यामुळे टॉर्क (इंजिनचा पीळ) आला की टायर रोलरवर घसरतात आणि ग्राफवर करवतीसारखे दात उमटतात. मागच्या अ‍ॅक्सलच्या बरोबर वर 200 ते 300 किलो वाळूची पोती ठेवा. गाडी बांधायचे पट्टे जास्त आवळून वजनाची भरपाई करायला गेलात तर टायर दबतो, तापतो आणि आकडा खाली येतो. दोन्ही गाड्या पार्ट-टाइम फोर व्हील ड्राइव्हच्या, म्हणून टू-एचमध्ये (फक्त मागच्या चाकांना ताकद) ठेवून फक्त मागची चाकं रोलरवर घ्यायची. ट्रॅक्शन आणि स्टॅबिलिटी कंट्रोल पूर्ण बंद हवं. पुढची चाकं थांबलेली आणि मागची फिरताहेत असं दिसलं की ईसीयू (इंजिनचा कंट्रोल कॉम्प्युटर) आपणहून ताकद कापतो. रन (मोजणीची एक फेरी) 1:1 गिअरमध्ये, म्हणजे हायलक्समध्ये चौथ्यात. ऑटोमॅटिक असेल तर गिअर मॅन्युअल मोडमध्ये धरा आणि टॉर्क कन्व्हर्टर लॉक झाल्यावरच रन सुरू करा, नाहीतर कन्व्हर्टरच्या स्लिपमुळे खालच्या आरपीएमचा टॉर्क फुगून दिसतो. प्रिंटवर हवामानानुसार आकडा सुधारणारं कोणतं करेक्शन लावलंय तेही विचारा. नेहमीचं एसएई करेक्शन टर्बो नसलेल्या इंजिनांच्या हिशोबाचं असतं. टर्बो डिझेल आपला बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) बऱ्याच अंशी स्वतःच राखतं, त्यामुळे उंचावरच्या गावात ते लावलं की फुकटचे पीएस मिळतात.

डायनो जवळ नसेल तर रस्त्यावरही बऱ्यापैकी अंदाज येतो. गाडी माणसांसकट वजनकाट्यावर घाला. समजा 2200 किलो भरली. सपाट, मोकळ्या रस्त्यावर एकाच गिअरमध्ये 60 वरून 80 ला जायचा वेळ जीपीएस लॉगरने मोजा. 4 सेकंद लागले तर केवळ वेग वाढवायला सरासरी 59 किलोवॅट खर्च झाले, वारा आणि टायरचा रोध धरून सुमारे 70, म्हणजे चाकांवर 95 पीएस. ही त्या वेगपट्ट्यातली सरासरी आहे, कमाल ताकद नव्हे. दोन्ही दिशांनी धावून सरासरी काढणं सक्तीचं, कारण डोळ्यांना न दिसणारा 1 टक्का चढसुद्धा या वजनाला, या वेगाला 5 पीएसहून जास्त खातो.

कमाल पीएसपेक्षा मी 1500 ते 2500 आरपीएमचा टॉर्क आधी बघतो. भरलेला पिकअप कसारा किंवा खंबाटकी चढतो तो याच पट्ट्यात.

आता वाढवण्याकडे. गाडी ओढत नाही म्हणून येणाऱ्या बऱ्याच गाड्यांना ट्यूनिंग नको असतं, गेलेली ताकद परत हवी असते. पहिला संशय इंटरकूलरच्या (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या रेडिएटरच्या) होजवर घ्या. होजच्या आत तेलाचा पातळ थर असणं नेहमीचंच, पण क्लॅम्पच्या कडेला बाहेरून ओली, धूळ चिकटलेली काळी रेघ दिसली तर तिथून बूस्ट गळतोय. मोजून घेतलेली हवा वाटेतच निसटते, डिझेल मात्र पूर्ण पडतं, म्हणून चढावर काळा धूर येतो. तपासायला टर्बोच्या इनलेटला बूच लावा, ऑइल फिलरचं झाकण उघडं ठेवा, रेग्युलेटरमधून हळूहळू 1 बारपर्यंत हवा भरा आणि साबणाचं पाणी मारा. झाकण बंद राहिलं तर क्रँककेसमध्ये दाब साठून सील बाहेर येऊ शकतं. मग ओबीडी स्कॅनरवर (गाडीच्या सॉकेटला जोडून ईसीयूचे आकडे दाखवणाऱ्या यंत्रावर) फुल लोडला रेल प्रेशर, म्हणजे इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब, बघा. ईसीयूने मागितलेलं आणि प्रत्यक्ष यांत अंतर पडत गेलं तर आधी डिझेल फिल्टर बदला. खालच्या आरपीएमला बूस्ट उशिरा येत असेल तर काजळीने अडकलेल्या टर्बोच्या व्हेन्स (हलत्या पात्या) आणि ईजीआरमुळे (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी यंत्रणा) बुजलेलं इनटेक मॅनिफोल्ड बघा.

टायरचा हिशोब तर हमखास राहून जातो. 265/60 आर18 काढून 285/65 आर18 घातले की टायरचा व्यास 775 मिमीवरून 828 वर जातो आणि चाकाचा रेटा सव्वासहा टक्क्यांच्या आसपास घटतो. इंजिन तेच, गाडी मात्र मंद.

तेल लावलेल्या कापडी फिल्टरवर पैसे घालू नका. टर्बो डिझेलमध्ये फायदा नगण्य, आणि तेल जास्त झालं तर एअर मास सेन्सर खराब होतो. मोठा इंटरकूलर मात्र उपयोगी. इनटेकची हवा 70 ऐवजी 50 अंशांवर आली तर त्याच दाबाला ती 6 टक्के दाट होते, आणि विदर्भाच्या मे महिन्यात हा फरक तिसऱ्या-चौथ्या रनमध्ये स्पष्ट दिसतो.

रेल प्रेशर सेन्सरला फसवणारा ट्यूनिंग बॉक्स मला पटत नाही. ईसीयूला खोटा, कमी दाब दिसतो, मग ईसीयू पंपाला आणखी दाब वाढवायला लावतो, आणि खरा दाब कुठे पोहोचला हे कुणालाच कळत नाही. करायचाच तर रीमॅप (ईसीयूच्या सॉफ्टवेअरमधले आकडे बदलणं) करा, पण टर्बोच्या आधी एक्झॉस्ट तापमानाचा सेन्सर बसवून. लांब चढावर ते सतत 700-720 अंशांच्या खाली राहायला हवं. धूर दिसला तर डिझेल जास्त पडतंय, मॅप मागे घ्या. हायलक्सच्या मॅन्युअलला कंपनीनेच 420 न्यूटन मीटर दिलेत आणि ऑटोमॅटिकला 500, तेव्हा मॅन्युअलला 500 चा मॅप घालण्याआधी क्लचचं बजेट बाजूला काढा. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) किंवा ईजीआर काढून टाकणं हा मार्गच नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 182-अ प्रमाणे नियमबाह्य बदलाला मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. रीमॅपनंतर वॉरंटी नाकारली जाऊ शकते आणि विमा कंपनीला कळवावं लागतं, म्हणून मूळ फाइलची प्रत ट्यूनरकडून आधी लेखी कबूल करून घ्या.