पासष्टातला पाच

"पासष्ट," शाळा तपासायला आलेले साहेब म्हणाले. तिनं खडू उचलला आणि फळ्यावर ५६ लिहिलं.

व्हरांड्यात तीसेक माणसं बसली होती. सरपंच, शाळा व्यवस्थापन समितीचे दोघं-तिघं, बाकी आया आणि आज्या. कुणीतरी हसलं. साहेब म्हणाले, "नीट ऐक बाळा. पा-सष्ट." तिनं हातानंच पुसलं, आणि पुन्हा, पहिल्यापेक्षा ठळक, ५६ लिहिलं.

माण तालुक्यातल्या आमच्या दोनशिक्षकी शाळेत पहिली-दुसरी माझ्याकडं आणि तिसरी-चौथी मुख्याध्यापकांकडं. त्या दिवशी चावडी वाचन आणि गणन होतं, म्हणजे गावासमोर, पालकांसमोर मुलांनी वाचायचं, गणितं करायची. मला ही कल्पना मनापासून आवडते. रोजगारावर जाणारी आई एरवी शाळेत येते ती दाखल्याला नाहीतर आधारकार्डाला. लेक उभी राहून खडाखडा वाचतेय हे तिनं ऐकावं, असा दुसरा प्रसंग येत नाही. सकाळी दोघांनी वाचून दाखवलं तेव्हा एकीच्या आईनं पदर डोळ्याला लावला होता. म्हणून त्या दिवशी जे झालं त्याचा दोष मी चावडीवर टाकत नाही. तरी महिना झाला, माझ्या डोक्यातून तो फळा जात नाही.

ती दुसरीत आहे. नाव लिहीत नाही. आईबाप कामासाठी मुंबईला आणि ही आजीजवळ. आजीची शेरडं आहेत.

दुसऱ्यांदा ५६ झाल्यावर साहेबांनी हातातल्या पत्रकाकडं पाहिलं. तेवढ्यात मागून आजी उठली. "आवो सायब, पाच-साठ म्हनलासा न्हवं? मग तिनं पाच आदी लिवला. चुकलं कुठं?"

आता सगळेच हसले. आजी हसली नाही. ती नातीला म्हणाली, "आगं, तीन इसा नि पाच. लिव." ईस म्हणजे वीस.

मुलीच्या चेहऱ्यावर उजेड पडला. तिनं फळा पुसला आणि लिहिलं ३५.

मग हशा थांबेना. एक तरुण बाप मोठ्यानं म्हणाला, "घ्या, पासष्टाचे पस्तीसच झाले." मला राग आला तो अजून गेलेला नाही. ही पिढी स्वतःचा फोन नंबर मराठीत सांगत नाही, एकोणऐंशी म्हणजे किती असं विचारलं तर क्षणभर थांबून 'सेव्हंटी नाईन' म्हणते, आणि सात वर्षांच्या पोरीला हसते.

मी साहेबांना म्हटलं, "सर, तिला काड्या देऊ का?" पेटीत आइसक्रीमच्या काड्या होत्या, दहा-दहाचे रबर लावलेले गठ्ठे आणि काही सुट्या. त्यांनी मान हलवली. "पासष्ट काड्या दे," मी म्हटलं. तिनं सहा गठ्ठे उचलले, पाच सुट्या काढल्या आणि माझ्या हातात ठेवल्या. एकदाही अडली नाही, बोटंही मोडली नाहीत. साहेबांनी ते पाहिलं, हसले, म्हणाले, "छान. पण इथं संख्यालेखन आहे, बाई." पत्रकात दोनच रकाने होते, करतो आणि करत नाही. खूण दुसऱ्या रकान्यात गेली. पुढचं नाव पुकारलं गेलं.

साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांना त्या दिवशी आणखी एक शाळा करायची होती. पण जे पत्रक मुलाला काय येतं हे विचारतच नाही, ते घेऊन माणसानं कितीही चांगुलपणानं फिरावं, हाती तेच लागणार.

बाहेरच्यांना वाटतं, पहिली-दुसरीत काय असतं शिकवायला. या सत्रात काय चाललंय ते थोडक्यात सांगते. पहिलीची नऊ मुलं जूनमध्ये आली तेव्हा चौघांना पेन्सिल धरता येत नव्हती. पहिला महिना माती मळणं, कागद फाडणं, मणी ओवणं यात गेला, कारण बोटांत ताकद नसेल तर अक्षर येत नाही. क ख ग घ या क्रमानं मी शिकवत नाही. चार अक्षरं आणि काना घेतला की दुसऱ्याच आठवड्यात मूल शब्द वाचतं. पुढचे दात पडलेत त्यांना 'स' म्हणता येत नाही, म्हणून 'स' मागं ठेवते. आकड्यांत ३ आणि ६ हा या वयातला कायमचा घोळ, एकाला आरशात धरलं की दुसरा दिसतो. एका बाजूला हे चालू असतं, त्याच खोलीत दुसऱ्या बाजूला दुसरीची अकरा मुलं ९९ पर्यंतच्या संख्या, हातच्याची बेरीज आणि जोडाक्षरं करत असतात. दुपारी खिचडी. तिच्या नोंदी वेगळ्या.

लहान मुलांना वाचता यावं, गणित करता यावं यासाठीचं केंद्राचं निपुण भारत अभियान २०२१ मध्ये सुरू झालं. त्याच्या उद्दिष्टांप्रमाणं पहिलीच्या अखेरीला ९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात, दुसरीच्या अखेरीला ९९९ पर्यंत. म्हणजे कागदावर माझी ही मुलगी वर्षभर मागं. दोन महिने मीही तेच समजत होते. वहीत ५६ दिसलं की मी ते ३ आणि ६ च्या घोळात धरत होते, आकडे उलटेपालटे करते, होईल हळूहळू. लाल पेनानं दुरुस्त करून पुढं जात होते. आजीनं जे एका वाक्यात सांगितलं ते मला दिसलं नव्हतं, आणि मी डी.एड. होऊन सोळा वर्षं झाली.

त्या संध्याकाळी मी तिच्या जुन्या वह्या काढल्या. त्रेचाळीस म्हटलं तिथं ३४. अठ्ठावीस, ८२. चौसष्ट, ४६. पण तीस, चाळीस, साठ बिनचूक. अकरा ते अठरासुद्धा बिनचूक, ते तिला तोंडपाठ चित्रासारखे येतात. आणि समोर काड्या असल्या, शब्द उच्चारला नसला, की सगळंच बिनचूक. ती आकडे उलटे करतच नव्हती. ती ऐकल्याप्रमाणं लिहीत होती. 'काका' म्हटलं की जे आधी ऐकू येतं ते आधी लिहायचं, हे मीच तिला पहिलीत वर्षभर शिकवलं. तोच नियम तिनं प्रामाणिकपणे आकड्यांना लावला. पासष्ट, संस्कृतातल्या पञ्चषष्टीपासून आलेला शब्द. पाच आधी, साठ मागून. आपण बोलतो सुट्यांपासून आणि लिहितो दशकांपासून.

मराठीत हे फक्त क्रमापुरतं थांबत नाही. साठ म्हणायचं आणि सष्ट करायचं. पन्नासचं कुठं पन्न होतं, कुठं वन्न. बावन्न, त्रेपन्न, चोपन्न, पंचावन्न असं मधेच बदलत जातं. सत्तरचा स पुढं जाऊन ह होतो, एकाहत्तर, बाहत्तर. एकोणीस, एकोणतीस अशी एकोणची साखळी मूल मोठ्या कष्टानं पकडतं, आणि शेवटी शंभराच्या दारात ती तुटते, कारण तिथं एकोणशंभर नाही, नव्व्याण्णव आहे. शंभर नावं जवळजवळ शंभर वेगळे शब्द म्हणून पाठ करावी लागतात. मी सुरुवातीची काही वर्षं जत तालुक्यात होते. तिथल्या कन्नड माध्यमाच्या शाळेतली मुलं पासष्टाला 'अरवत्तैदु' म्हणत. अरवत्तु साठ, ऐदु पाच. आधी साठ. पटकन लिहीत. तेव्हा मला वाटायचं, तिथल्या गुरुजींचा हात चांगला आहे. होताही. पण भाषाही त्यांना हात देत होती, हे आत्ता लक्षात येतंय.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं संख्यावाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला, आठवत असेल. जुनी नावंही पुस्तकात होती, तरी मराठी बुडाली म्हणून ओरड झाली, विषय विधिमंडळात गेला, थट्टा झाली. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की मुलांना जोडाक्षरांचे हे शब्द आणि उलटा क्रम जड जातो. मी तेव्हा ओरडणाऱ्यांत होते. स्टाफरूममध्ये मी म्हटलं होतं, आम्ही शिकलोच ना बावीस-तेवीस? शिकलो. पण वर्गातले किती जण तिथंच गणिताला घाबरले, ते कुणी मोजलं नाही. नारळीकरबाईंनी नेमकं माझ्या या मुलीबद्दल बोलावं असं ते बोलणं होतं, आणि मी ते ऐकून घेतलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी एक काम सुरू केलं. जुन्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यांच्या पट्ट्या कापल्या. लांब पट्टीवर १०, २०, ३० असं ९० पर्यंत, आखूड पट्टीवर १ ते ९. साठची लांब पट्टी ठेवायची, पाचची आखूड तिच्या शून्यावर बसवायची. ६० मधलं शून्य झाकलं जातं आणि ६५ उरतं, पण साठ खाली आहे हे मुलाला माहीत असतं, पाहिजे तेव्हा उचलून बघता येतं. तोंडानं म्हणायचं, "साठ आणि पाच, पासष्ट." दोन्ही, एका दमात. जुना शब्द मी सोडलेला नाही आणि सोडणार नाही. बाजारात, एसटीत, आजीच्या तोंडी तोच आहे. पट्ट्या दुपारच्या सुट्टीतही मागतात, त्यामुळं कडा आत्ताच फाटल्यात.

मुख्याध्यापकांना हे पटलेलं नाही. त्यांचं म्हणणं, रोज परिपाठानंतर शंभरपर्यंत एका सुरात म्हणून घ्या, आपोआप बसेल. ते कष्टाळू आहेत, शाळेचं मैदान त्यांनी स्वतः दगड वेचून केलंय. पण सुरात म्हणताना ही मुलगी सगळ्यांत पुढं असते. एक ते शंभर खणखणीत. म्हणणं आणि लिहिणं यांच्यामध्ये जो ओढा आहे तो पाठांतरानं ओलांडला जात नाही, हे मी त्यांना पटवू शकलेले नाही.

एका रविवारी आजीकडं गेले. चहा ठेवत ती म्हणाली, "बाई, माझ्यामुळं पोरीचा नंबर गेला का वो?" मी म्हटलं, नाही, तुमच्यामुळं मला कळलं. तिला ते खरं वाटलं नसावं. मग तिनं दाखवलं, ती शेणी कशी मोजते. वीस झाल्या की एक खडा बाजूला, पुन्हा एकपासून. शेवटी खडे मोजायचे. तीन खडे आणि वर पाच, तीन इसा नि पाच. मी दहाचे गठ्ठे करून जे शिकवते तेच आजी विसाचे करून करते, आणि तिनं आयुष्यात पाटी धरलेली नाही. नात रोज हे बघते. म्हणून तीन इसा म्हटल्यावर तिला संख्या क्षणात कळली होती. फक्त लिहिताना तिनं पुन्हा ऐकल्याप्रमाणं लिहिलं, तीन आणि पाच. ३५ बघून मीसुद्धा त्या क्षणी खचले होते. खरं तर त्या फळ्यावर तिनं दोन वेळा दाखवलं की तिला मोजता येतं आणि कान पक्के आहेत.

गेल्या आठवड्यात मी तिला "पासष्ट" म्हटलं, पट्ट्या न देता. तिनं पाटीवर आधी ५ लिहिला, पण पाटीच्या मध्याच्या उजवीकडं. डावीकडं जागा सोडली. मग त्या जागेत ६. मी म्हटलं, त्रेचाळीस. उजवीकडं ३, मग डावीकडं ४. मी हे शिकवलेलं नाही. विचारलं तर म्हणाली, "पाच आदी ऐकू येतो, मग आदी त्यालाच बसवते. साठ मागनं येतो, पण त्याची जागा फुडं हाय." एकोणसत्तरला तिनं काड्या मागितल्या. सात गठ्ठे घेतले, सातव्याचा रबर काढला, एक काडी माझ्या हातात दिली, "ही तुमच्याकडं ठिवा," आणि पाटीवर ९ काढून डावीकडं ६. त्र्याहत्तरला मात्र थांबली. बराच वेळ ओठांत पुटपुटली. मग, "बाई, ह्यात सत्तर कुठं हाय?"

मुख्याध्यापकांनी खिडकीतून पाहिलं. नंतर मला म्हणाले, ही उलटी सवय आत्ताच मोडा, पुढं तीन अंकी आलं की पोरगी अडकेल. त्यांचं चूक नाही. एकशे पासष्ट म्हणताना शंभर आधी, मग पाच, मग साठ. तेव्हा ती काय करेल, कुठं जागा सोडेल, मलाही दिसत नाही. आणि दिवाळीच्या सुट्टीआधी साहेब पुन्हा पत्रक घेऊन येणार आहेत. ते फळ्यावरची संख्या बघतील की ती लिहिणारा हात?

काल वर्गात ती शेजारच्या मुलाला शिकवत होती. त्याचा हात धरून पाटीच्या उजव्या कडेला नेत होती आणि म्हणत होती, "हितं नगं, जागा सोड, साठ यायचाय." मी पुढं झाले, आणि काही न बोलता पहिलीच्या मुलांकडं वळले.