यातला दुखतोय कुठला?

माझ्या वर्गातल्या एका मुलाने काढलेले चेहरे फार सुंदर असायचे. पापणीची कड, नाकपुडीखालची सावली, ओठांच्या कोपऱ्यातला पुसटसा खळगा, सगळं जिथल्या तिथे. फोटोवरून काढून काढून हात तयार झालेला. पण मानेखाली उतरला की गडबड. बाकीच्यांच्या चित्रात चुकीवर बोट तरी ठेवता यायचं. याचं सगळं बरोबर दिसायचं आणि माणूस मात्र पडत असायचा, मागून कुणी हलकेच ढकलल्यासारखा.

मी लाइफ ड्रॉइंग, म्हणजे समोरच्या जिवंत माणसाला बघून चित्र काढणं, शिकवते. असा विद्यार्थी दिसला की माझी औषधं ठरलेली असतात. हात ताणून धर, कोपर वाकवू नकोस, एक डोळा मीट, पेन्सिलीवर डोक्याची उंची घे आणि अख्ख्या माणसात अशी किती डोकी बसतात ते मोज. मोठ्या माणसात साधारण साडेसात. मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचा हात म्हणजे हनुवटीपासून केसांपर्यंतचा चेहरा. उभ्या शरीराचा मध्य कमरेत नसतो, चांगला खाली, जांघेपाशी असतो. त्याने सगळं वहीत उतरवलं आणि इमानेइतबारे पाळलं. दीड महिना त्याने साडेसात डोक्यांची माणसं काढली. आमचे मॉडेल काका मुळात सात डोक्यांचेच आहेत हे त्याच्या लक्षात आलं नाही. खरं सांगायचं तर माझ्याही उशिराच आलं.

त्या दिवशी सुरुवातीला ३० सेकंदांच्या पोझ होत्या. कणा कसा गेलाय, भार कुठे आहे, एवढ्या तीन-चार रेषा ओढेपर्यंत पोझ बदलते. त्याला हा प्रकार मुळीच आवडत नसे. दहा पोझ संपल्या तेव्हा त्याच्या कागदावर दहा कपाळं होती.

मग २० मिनिटांची पोझ. काका डाव्या पायावर भार देऊन, उजवा गुडघा सैल सोडून उभे राहिले. बघणाऱ्याला ही पोझ आरामाची वाटते. उभं राहणाऱ्याला पाचव्या मिनिटाला कळतं. वेळ संपल्यावर ते मांडी चोळत खाली उतरले आणि पाय मोकळे करायला ईझलांमधून फिरू लागले. याच्या बोर्डापुढे थांबले. बराच वेळ बघत राहिले.

“अरे, यातला दुखतोय कुठला?”

“काय, काका?”

“पाय. माझा डावा ठणकतोय. तुझ्या चित्रात दोघंही मजेत आहेत.”

वर्ग हसला. मीही हसले. पण मग आठवलं, इतके दिवस मी त्याला उंची विचारत होते. भार एकदाही विचारला नव्हता.

पुढच्या पोझला मी त्याच्या हातातला चारकोल काढून घेतला आणि त्याला काकांशेजारी चढवलं. तसाच उभा राहा म्हटलं. थोडी कुरकुर झाली. दोन मिनिटांनी त्याला हात कमरेखाली हाडावर ठेवायला लावले.

“डावा खुबा वर आलाय,” तो म्हणाला.

“आणि खांदा?”

त्याने मान वळवून पाहिलं. “डावाच. पण हा खाली गेलाय.”

डाव्या कुशीत वळी पडली होती, उजवी कूस ताणली होती. मी दोऱ्याला खोडरबर बांधून ओळंबा केला आणि त्याच्या गळ्याच्या खळगीपासून सोडला. तो डाव्या घोट्याच्या आतल्या बाजूला येऊन टेकला. “आता उजवा पाय उचल.” त्याने उचलला. जागचा हलला नाही. तोवर डावी मांडी थरथरायला लागली होती. काका शेजारी ढिम्म उभे, फक्त मिशीत हसत होते.

एवढं साधं त्याला आधी दिसलं नाही म्हणून हसण्यात अर्थ नाही. ग्रीक शिल्पकार शंभरेक वर्षं तरण्या पुरुषांचे कूरोस नावाचे पुतळे घडवत होते. डावं पाऊल पुढे, पण भार दोन्ही पायांवर सारखा आणि कंबर सपाट. सुमारे इ.स.पू. ४८० च्या ‘क्रिटिओस बॉय’ या ग्रीक पुतळ्यामध्ये भार एका पायावर जातो, खुबा कलतो, आणि दगड उभा असल्याऐवजी मुलगा उभा आहे असं वाटायला लागतं.

उरलेल्या वेळात त्याने जे काढलं ते दिसायला अगदीच वाईट होतं. आधी ओळंब्याची उभी रेघ, मग खुब्याची आणि खांद्याची, एकमेकींच्या उलट कललेल्या. डोक्याच्या जागी अंडं, हातांच्या जागी दोन फडकी, शेडिंगचा पत्ता नाही. तो नाराज होता. पण माणूस उभा होता. मी पुसू दिलं नाही.

पुढचे आठवडे सरळ गेले नाहीत. हात वर केला की पाठीवरचं फऱ्याचं हाड सरकतं, हे त्याला पटकन पटलं. तळवा पालथा करताना कोपरापुढची दोन हाडं एकमेकांवर आडवी येतात, हेही स्वतःच्या हाताला चाचपून पटलं. आडवी पोझ मात्र पटेना. तळपाय त्याच्या बाजूला होते. पेन्सिलीने मोजलं तर पाऊल चेहऱ्याहून मोठं येत होतं. तीनदा मोजलं, तीनदा बरोबर आलं आणि तिन्ही वेळा त्याने ते पुसून लहान केलं. “असं कसं असेल?” म्हणे. चौथ्यांदा मी खोडरबरच उचलून नेला.

चेहरे अलीकडे तो शेवटी काढतो, कधी काढतही नाही. मला चुकल्यासारखं होतं, ते चेहरे खरंच सुंदर होते. पावलं अजून कागदाच्या बाहेर जातात. काल त्याने बोर्डाच्या खाली दुसरा कागद चिकटवला आणि डावी टाच त्यावर काढली. काका उतरून बघायला गेले, टाचेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, “हं, हा दुखतोय.”