पाऊस डोंगराकडून की दर्याकडून?

आमच्या वेंगुर्ल्यात पाऊस किती पडला हे नंतर विचारतात, आधी विचारतात कुठून आला. समोर दर्या, पाठीमागे सह्याद्री, आणि दोन्हीकडचा पाऊस अगदी वेगळा. मे महिन्यातला वळीव डोंगराकडून येतो. दुपारी चारच्या सुमाराला आंबोलीची बाजू काळीकुट्ट होते, गडगडायला लागतं आणि मग सड्यावरून, म्हणजे कातळाच्या माळावरून, बाबांची हाक, "डोंगर दिसणा नाय, सोलां आत घे गो!" (सोलं म्हणजे आमसुलं.) तासाभरात आला तसा गेला, संध्याकाळी परत उकडतंच.

मान्सूनचं तसं नाही. तो दर्याकडून येतो, आधी वारा फिरतो, मग रात्री अंथरुणात पडल्यापडल्या गाज ऐकू यायला लागते जी एरवी आमच्या घरापर्यंत पोचत नाही, आणि मग सरींवर सरी. तेच ढग आमच्या डोक्यावरून जाऊन डोंगराला थडकतात, वर चढता चढता गार होतात आणि तिथेच रिकामे होतात. म्हणून आमच्याकडे वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर, आणि जेमतेम पन्नास-साठ किलोमीटरवर, ६९० मीटर उंचीवरच्या आंबोलीत ७००० च्या घरात. पलीकडे गडहिंग्लजकडे गेलात की पाऊस एकदम कमी. ऑक्टोबरात परत डोंगराकडून, विजा घेऊन, नेमका कापणीला आलेल्या भातावर.

हे सगळं आम्हाला पाठ होतं. मिरग, म्हणजे मृग नक्षत्र, ७ जूनला, त्याच्या आत बेगमी करायची, लाकडं आत, सोलं डब्यात. पण २०२५ ला मान्सून २५ मेलाच तळकोकणात आला.

तेव्हा आमची सोलं खळ्यात होती. ज्यांनी केलीयत त्यांना माहितीय, रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायचे, बिया काढायच्या, सालं मिठाच्या रसात बुडवायची, वाळवायची, परत बुडवायची, असं चार-पाच दिवस कडक ऊन लागतं. आमचा दुसराच पूट, म्हणजे बुडवून वाळवायची दुसरीच फेरी, झाला होता. आईने सगळी सोलं माजघरात फॅनखाली पसरली, फरशी लालेलाल, रोज एकेक उलटी करत बसायची. तिसऱ्या दिवशी कडेला पांढरी बुरशी दिसली. आईने त्यातली एक उचलली, वास घेतला आणि काहीच बोलली नाही, मला ते अजून आठवतं. झाडावर राहिलेला आंबा पण गेलाच, पण आंब्याचं पेपरात तरी येतं, सोलांचं कोण लिहिणार म्हणून मी लिहितेय.

त्यानंतर आई थांबतच नाही, एप्रिल संपायच्या आतच रातांबे फोडायला घेते, नीट पिकलेले नसले तरी. सोलं जरा फिकी होतात. आणि बाबा, जे मे महिन्यात कधी दर्याकडे मान वळवायचे नाहीत, ते आता सड्यावर गेले की आधी तिकडेच बघतात.