पद आधी बोलायचं

फेब्रुवारीत माझा गळा कधीच धड नसतो. मी सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात हिशेब लिहिते आणि त्या दिवसांत हळदीचे सौदे जोरात असतात. पोती ओतली की पिवळी धूळ उठते, संध्याकाळपर्यंत घसा खरखरायला लागतो. तरीही एक हौशी संस्था ‘संगीत शारदा’ बसवतेय असं कळलं तेव्हा मी नाव दिलंच. ते लिहिणारे नाटककार गोविंद बल्लाळ देवल सांगलीजवळच्या हरिपूरचे. लहानपणी आजोबांच्या सायकलवर बसून तिथल्या संगमेश्वराच्या देवळात जाताना ‘शारदा लिहिणारा माणूस या गावचा’ हे इतक्या वेळा ऐकलंय की ते नाटक मला घरचंच वाटतं.

ऑडिशन एका शाळेच्या वर्गात होती. बाकं भिंतीला सरकवलेली, मध्ये ऑर्गन, बाजूला तबला. एक नाट्यपद आणि एक गद्य उतारा तयार करून या, एवढंच सांगितलं होतं. मी शारदेचं ‘मूर्तिमंत भीती उभी’ घेतलं. ऑर्गनवाल्या काकांनी पट्टी, म्हणजे कुठल्या स्वराला ‘सा’ धरून गाणार ते, विचारलं. क्लासमध्ये मी काळी चारमध्ये गाते, पण मनात जुन्या रेकॉर्डमधला तो चढा, टोकदार आवाज होता. मी त्याहून वरची ‘काळी पाच’ सांगून बसले. मुखडा निभावला. अंतऱ्यात वर जाताना आवाज फाटला. मी थांबले, पाणी प्यायले, पुन्हा सुरू केलं, आणि पुन्हा त्याच जागी तेच झालं. काकांनी न विचारता पट्टी उतरवली आणि मी पद पूर्ण केलं. शेवटी दोन ताना घेतल्या, त्या चांगल्या झाल्या असं मला वाटलं.

दिग्दर्शक सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘ताई, गाणं शिकलेलं आहे तुमचं. पण या पोरीला तिचा बाप पैशासाठी म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधतोय. ती कुठे दिसली नाही मला. तुम्ही मैफल केलीत.’’

शारदा मला मिळाली नाही. वल्लरी मिळाली, शारदेची मैत्रीण. घरी येऊन मी रडले, हे खरं आहे. पण नाही म्हणावंसं एकदाही वाटलं नाही.

तालमी रात्री आठ ते साडेदहा. पहिले चार दिवस सरांनी आम्हाला सूर लावू दिला नाही. पदांचे शब्द नुसते बोलायचे, समोरच्याच्या डोळ्यांत बघून, जसं आपण शेजारणीशी बोलतो तसे. मला ते फार जड गेलं. चाल इतकी अंगात मुरलेली असते की शब्द आपोआप त्या वळणाने जातात. पाचव्या दिवशी ऑर्गन आला तेव्हा खरी गोष्ट कळली: पदाआधीचं शेवटचं वाक्यच सुराजवळ न्यायचं असतं. काका गद्याखाली हलकेच षड्ज, म्हणजे ‘सा’, धरून ठेवायचे. वाक्य त्या सुरावर येऊन टेकलं की पद आपसूक उगवतं. बोलणं संपवून, श्वास घेऊन, ‘आता गाते हं’ असं उभं राहिलं की नाटक तिथेच तुटतं. दहा वर्षं क्लासला जाऊन मला हे माहीत नव्हतं.

दुसरी अडचण नऊवारीची. ओच्याची गाठ पोटावर घट्ट बसली की श्वास अर्ध्यावर अडतो. पाचवारीवर तालीम करून शेवटच्या आठवड्यात नऊवारी नेसणाऱ्या आम्ही तिघी पहिल्या दिवशी धापा टाकत होतो. संगीत नाटकात उतरणाऱ्या प्रत्येकीला मी सांगेन, पहिल्या तालमीपासून लुगडं नेसा. आणि पट्टी ठरवताना रेकॉर्ड विसरा, आपला गळा बघा. दुकानात मी तोंडाला ओढणी बांधून बसायला लागले, संध्याकाळी मिठाच्या गुळण्या. मालकांनी महिनाभर मला सौद्यांच्या जागेपासून लांब, आतल्या टेबलावर बसवलं. हे उपकार मी विसरणार नाही.

प्रयोग भावे नाट्यमंदिरात झाला. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली याच गावात ‘सीतास्वयंवर’ केलं. इथल्या प्रेक्षकांना पदं पाठ असतात, पुढच्या रांगेतल्या आजींचे ओठ हलताना मला रंगमंचावरून दिसत होते. तिसरी घंटा झाली, पडद्यामागे आम्ही सगळे नांदीला उभे राहिलो, ऑर्गनचा सूर पायांतून वर आल्यासारखा वाटला. मैत्रिणींच्या थट्टेच्या प्रवेशाला हशा आला, वन्समोअरही आला. तो घ्यायचा नाही असं आधीच ठरलं होतं, आणि ते बरोबरच होतं, कारण त्या हसण्यातून प्रेक्षकाला भीतीपर्यंत न्यायचं होतं.

मग ते पद आलं. मी विंगेत उभी होते. शारदा झालेली मुलगी कॉलेजात शिकणारी, गळा माझ्याइतका तयार नाही. तिने एकही तान घेतली नाही. ‘भीती’ या शब्दाआधी ती क्षणभर थांबली, जणू तो शब्द तिला उच्चारायचाच नव्हता. तबलेवाल्यांनी ठेका अगदी हलका केला. पुढच्या रांगेतल्या आजींचे ओठ हलायचे थांबले होते.

घरी परतताना मी तेच पद काळी चारमध्ये, न गाता, नुसतं पुटपुटत आले.