जंगलाच्या पाण्याचा ताळेबंद

पावसाळ्यात टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला या चार धरणांत किती टीएमसी पाणी जमले, हे पुण्यातली वर्तमानपत्रे रोज छापतात. चारही धरणे भरली की साठा सुमारे २९ टीएमसी होतो, हे अनेक पुणेकरांना तोंडपाठ असते. या धरणांच्या वर, घाटमाथ्यावर उभ्या असलेल्या जंगलाने त्याच पावसातले किती पाणी पानांवर अडवले, किती मुळांवाटे उचलून हवेत परत सोडले आणि त्या पाण्याच्या मोबदल्यात किती लाकूड व किती पाने घडवली, याचा विचार मात्र आपल्या बोलण्यात क्वचितच येतो. हा प्रश्न मनात घर करून राहिल्यामुळे मी उपोष्ण कटिबंधातल्या बेटांवरच्या जंगलांविषयीचे संशोधन वाचू लागले, आणि घाटमाथ्याकडे कसे पाहावे हे मला बऱ्याच अंशी त्यातूनच समजत गेले.

पाणी आणि जंगलाची वाढ हे दोन वेगळे विषय नाहीत. पानांवरच्या ज्या सूक्ष्म पर्णरंध्रांतून कार्बन डायऑक्साइड आत येतो, त्यांतूनच पाण्याची वाफ बाहेर जाते, आणि कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू मिळवताना झाडाला पाण्याचे शेकडो रेणू गमवावे लागतात. म्हणून जंगल किती वाढले हे मोजायचे, तर त्याने किती पाणी खर्च केले हेही त्याच जागी, त्याच वेळी मोजावे लागते. बेटांवर हे काम विशेष महत्त्वाचे ठरते, कारण तिथे डोंगर उंच, उतार तीव्र आणि नद्या आखूड असतात. डोंगरावर पडलेले पाणी थोड्याच वेळात समुद्राला मिळते आणि त्याला वाटेत थोपवून धरण्यात जंगलाच्या मातीचा वाटा फार मोठा असतो.

कर्कवृत्त तैवानच्या मधोमध जाते. सुमारे ३६,००० चौरस किलोमीटरच्या या बेटावर ३,००० मीटरहून उंच अशी दोनशेपेक्षा जास्त शिखरे आहेत. ईशान्येकडच्या फूशान जंगलात वर्षाला सुमारे ४,००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि हिवाळ्यातही ईशान्य मोसमी वारे पाऊस आणत असल्यामुळे आपल्यासारखा प्रदीर्घ कोरडा ऋतू तिथे नसतो. इतके पाणी असलेल्या जंगलात झाडे गगनाला भिडत असतील असे वाटते, पण फूशानचे पर्णछत्र तुलनेने ठेंगणे आहे. याचे मोठे कारण टायफून. ही वादळे वारंवार येतात, फांद्या मोडतात आणि हिरवी पाने ओरबाडून खाली टाकतात. एरवी पान गळण्याआधी झाड त्यातले नायट्रोजन आणि फॉस्फरस बऱ्याच प्रमाणात परत ओढून घेते. वादळात तोडलेले पान मात्र ही पोषकद्रव्ये घेऊनच जमिनीवर पडते. त्यामुळे झाडाचे नुकसान होते, जमिनीवरचा पाचोळा सकस होतो, आणि विरळ झालेल्या छतातून खालच्या रोपांना प्रकाश मिळतो. जपानमधल्या ओकिनावा बेटाच्या उत्तरेकडच्या यानबारू जंगलालाही अशा वादळांना सतत तोंड द्यावे लागते. पावसाचा आकडा पाहून जंगलाची उत्पादकता ठरवता येत नाही, हे मला फूशानइतके स्पष्ट दुसरीकडे दिसले नाही.

त्याच भागात अधिक उंचीवर चिलान पर्वतावर सायप्रस या सूचिपर्णी वृक्षांचे जंगल आहे आणि तिथे वर्षातल्या सर्व महिन्यांत धुके असते. धुक्याचे थेंब इतके बारीक असतात की ते सरळ खाली न पडता वाऱ्याबरोबर आडवे वाहतात. त्यामुळे साधा पर्जन्यमापक त्यांची नोंद करूच शकत नाही, मात्र सायप्रसच्या दाट फांद्या ते गाळून घेतात. पण धुक्याचा मोठा परिणाम या मिळकतीपेक्षा खर्चाच्या बाजूला दिसतो. हवा बाष्पाने भरलेली आणि पाने ओली असली की बाष्पोत्सर्जन मंदावते, आणि प्रकाश कमी झाल्यामुळे प्रकाशसंश्लेषणही घटते. विरळ धुक्यातून किंवा ढगांतून विखुरलेला प्रकाश आतल्या पानांपर्यंत पोचतो आणि काही अंशी भरपाई करतो; दाट धुक्यात मात्र तेवढे पुरत नाही.

हे मोजणे किती अवघड आहे, याकडे वाचकांनी लक्ष द्यावे असे मला मनापासून वाटते. झाडांच्या शेंड्यांहून उंच मनोऱ्यावर ध्वनिलहरींनी वारा मोजणारे यंत्र आणि अवरक्त किरणांनी बाष्प व कार्बन डायऑक्साइड मोजणारे यंत्र बसवतात, आणि सेकंदाला दहा-वीस वेळा नोंद घेऊन हवेच्या भोवऱ्यांबरोबर काय वर गेले व काय खाली आले याचा हिशेब करतात. उघड्यावरच्या वायुमापकाची काच पावसात आणि धुक्यात ओली होते, म्हणजे ज्या तासांची माहिती सर्वांत मोलाची, नेमके तेच तास नोंदींतून गळतात आणि ती पोकळी गणिताने भरावी लागते. रात्री थंड हवा उतारावरून खाली सरकते आणि जंगलाने सोडलेला कार्बन डायऑक्साइड मनोऱ्याला चुकवून दरीत नेते. अशा नोंदींतून निघालेला वार्षिक आकडा वाचताना या अडचणी ध्यानात ठेवायलाच हव्यात.

अटलांटिक महासागरातल्या कॅनरी बेटांवर परिस्थिती निराळी आहे. ला गोमेरा बेटावरचे गाराहोनाय हे लॉरेल वृक्षांचे जंगल १९८६ पासून जागतिक वारसास्थळ आहे. तिथला उन्हाळा कोरडा असतो आणि व्यापारी वाऱ्यांनी आणलेला ढगांचा थर त्या काळात जंगलाला सावरून धरतो. वाऱ्याच्या तोंडी असलेल्या कड्यांवर पानांवरून पाणी ठिबकते. इतरत्र बाष्पोत्सर्जन आवरले जाणे हाच धुक्याचा मुख्य लाभ असतो. चिलानमध्ये धुके प्रकाश हिरावून घेते, तर इथे तेच पाणी वाचवते.

आपला घाटमाथा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसतो. महाबळेश्वर आणि भीमाशंकरच्या जांभूळ, अंजनी आणि पिसा यांच्या जंगलावर जून ते सप्टेंबर धो धो पाऊस आणि धुके असते, आणि पुढचे सात-आठ महिने जवळजवळ कोरडे जातात. तरीही ती झाडे सदाहरित राहतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने काझीरंगाच्या जंगलात मनोरा उभारून अशी मोजणी केली आहे. तिथे मान्सूनपूर्व काळात जंगल सर्वाधिक कार्बन घेते आणि ढगाळ पावसाळ्यात हे प्रमाण उतरते, असे आढळले. घाटमाथ्यावर हा उच्चांक पावसाळा सरल्यावर, ऊन पडलेले आणि माती अजून ओली असते तेव्हा, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येत असावा असा माझा अंदाज आहे. एप्रिलमध्ये ही झाडे किती खोलवरचे पाणी उचलतात, हा त्याला जोडून येणारा प्रश्न, आणि मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो.

मनोऱ्याला मोठा निधी लागतो, पण सुरुवात खोडातल्या रसप्रवाहापासून करता येईल. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रानिए पद्धतीत खोडात दोन सुया बसवतात, वरची सुई तापवतात, आणि दोहोंच्या तापमानातल्या फरकावरून पाणी किती वेगाने वर चढते ते काढतात. हे संवेदक महाविद्यालयीन प्रयोगशाळेतही तयार करता येतात. वनविभागाची परवानगी घेऊन, जांभळाच्या काही मोठ्या खोडांवर जून ते पुढच्या मेपर्यंत सलग नोंदी घ्याव्यात आणि सोबत मातीतला ओलावा वेगवेगळ्या खोलींवर मोजावा. पुण्यातल्या वनस्पतिशास्त्राच्या एखाद्या विभागाने हे काम हाती घेतले, तर नोंदी उतरवायला घाटमाथ्यावर जाण्याची माझी तयारी आहे.