गिटार न वाजवण्याची जागा

शनिवारी माझ्या जॅमरूममधला, म्हणजे बँडच्या सरावाच्या खोलीतला, चार ते सातचा स्लॉट एका कॉलेजच्या बँडने घेतला होता. ड्रम्स, बास, एक गिटार आणि गाणारी मुलगी. कार्यक्रम पंधरा दिवसांवर आलेला, अल्टर्नेटिव्ह रॉकची चार गाणी करायची, आणि गाणी कोणती हेच ठरलेलं नव्हतं. केबल जोडून होईपर्यंत भांडण चांगलंच पेटलं. ड्रमरचं म्हणणं, पिक्सीज आणि माय ब्लडी व्हॅलेंटाइन ही नावं लोक आपण जाणकार आहोत हे दाखवायला घेतात. खरा बँड निर्वाणा. बास वाजवणारी मुलगी उसळली, निर्वाणालाच उगाच डोक्यावर घेतलंय. गिटारवाला रेडिओहेडपलीकडे काही ऐकायला तयार नव्हता. शेवटी गाणारी माझ्याकडे वळली, "दादा, तुम्हीच सांगा. यातलं ओव्हररेटेड कोण?"

जॅमरूम चालवताना हा प्रश्न वारंवार येतो आणि मी त्याचं उत्तर तोंडाने देत नाही. नुसतं ऐकून हा वाद मिटतच नाही. एखाद्या बँडची युक्ती मागून आलेल्या शेकडो बँडनी उचललेली असते, आपण ती उचललेली रूपं आधी ऐकलेली असतात, आणि मूळ गाणं कानावर पडतं तेव्हा 'यात काय एवढं' असं वाटतं. तेच गाणं वाजवायला घेतलं की त्यांनी काय वाजवलंय ते कळतं. आणि काय वाजवलेलं नाही, ते तर फक्त तेव्हाच कळतं.

"आधी 'टेम' वाजवा," मी म्हटलं. पिक्सीजच्या १९८९ च्या 'डूलिटल' अल्बममधलं गाणं, दोन मिनिटांच्याही आतलं, तीन कॉर्डचं. ड्रमर म्हणाला, पाच मिनिटांत बसेल. स्वर पाच मिनिटांत बसलेही. गाणं मात्र बसलं नाही.

आमची खोली बारा बाय सोळा फुटांची. मधोमध स्टँडवर डेसिबल मीटर लावला. कडव्यात ९६, धृपदात ९९. ज्या जागी छप्पर उडायला हवं तिथे तीन डेसिबलची वाढ, म्हणजे कानाला जेमतेम जाणवेल इतकी. चौघांनाही चुकतंय हे कळत होतं, कुठे ते कळत नव्हतं.

गिटारवाला कडव्यातही कॉर्ड वाजवत होता, 'हलक्या हाताने', पण डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज फाडून खरखरीत करणारं पेडल, चालूच. गोची इथेच होती. पेडलचा गेन, म्हणजे सिग्नल किती फुगवायचा ते बटण, ८ वर असलं की सिग्नलची टोकं आधीच छाटली गेलेली असतात. हलका हात आणि जोराचा हात बाहेर जवळपास एकाच पातळीवर पडतात. मग धृपदाला वर जायला जागाच उरत नाही. ड्रमरचा हायहॅट, म्हणजे पायाने उघडमीट होणारी झांजांची जोडी, अर्धवट उघडा होता आणि तो काठीच्या जाड भागाने मारत होता. त्या गदारोळात गाणारीची कुजबुज ऐकू येईना, म्हणून तिने माइकचा फेडर वर ढकलला, आणि मॉनिटर, म्हणजे गाणारीला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर, शिट्टी मारायला लागला.

मी गिटारवाल्याला सांगितलं, कडव्यात हात तारांवर ठेव आणि काहीही वाजवू नकोस. हळूसुद्धा नाही. मूळ गाण्यात कडवं बास आणि ड्रम्सवरच उभं आहे. गेन ८ वरून ५ वर आणला आणि जेवढा गेन कमी केला तेवढा अँपचा व्हॉल्यूम वाढवला. हायहॅट घट्ट बंद, त्यावर काठीचं फक्त टोक, आणि स्नेअरवर काठी चार-पाच इंचांपेक्षा वर न्यायची नाही. माइक झांजांकडे तोंड करून उभा होता तो फिरवला, मॉनिटर बरोबर माइकच्या पाठीमागे आणला, कारण समोरचंच ऐकणारा कार्डिऑइड माइक तिथेच सगळ्यात बहिरा असतो. १०० हर्ट्झच्या खालचं कापलं. ओठ जाळीपासून दोन बोटांवर.

कडवं ८७, धृपद १०१. पहिल्या फटक्याला बासवाली एक पाऊल मागे सरकली. चौदा डेसिबलचा फरक त्यांनी आजवर स्वतःच्या वाजवण्यात ऐकलाच नव्हता. ड्रमरचा घाम कडव्यात निघाला होता, धृपदात नाही. हळू आणि तरीही एका लयीत मारणं हे जोरात मारण्यापेक्षा मनगटाला फार जड जातं. पिक्सीजचे ड्रमर डेव्हिड लव्हरिंग यांचं नाव 'महान ड्रमर' म्हणून कुणी पटकन घेत नाही. पण त्या बँडची सगळी मदार त्यांच्या त्या आवरलेल्या हातावर आहे.

मग निर्वाणा. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण ती वादात नेहमी हत्यारासारखी वापरली जाते. 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट' करताना आपण पिक्सीजचीच नक्कल करू पाहत होतो, हे निर्वाणाचे गायक-गिटारवादक कर्ट कोबेन यांनी १९९४ च्या एका मुलाखतीत स्वतः कबूल केलंय. बासवालीने ते वाक्य ड्रमरच्या तोंडावर फेकलं. मला तो वार लागू वाटत नाही. उसनी रचना घेऊन त्यावर तशी चाल बांधणं हे वेगळं काम आहे, आणि तिथे कोबेन फार वरचे. त्या गाण्याचा गिटार सोलो बघा. तो म्हणजे कडव्याची चालच गिटारवर आहे, जवळजवळ जशीच्या तशी. करामत दाखवायची हातची संधी सोडून दिलीय आणि चाल मात्र दुसऱ्यांदा मनात ठसते.

आमच्या खोलीत ते गाणं पोकळ वाजत होतं. चार पॉवर कॉर्ड बरोबर, मधले दाबलेल्या तारांचे खरखरते फटके बरोबर, तरी पोकळ. याचं कारण रेकॉर्डमध्ये आहे. हे गाणं ज्यात आहे त्या १९९१ च्या 'नेव्हरमाइंड' अल्बममध्ये निर्माते बुच विग यांनी गिटार आणि आवाज एकावर एक दोनदा रेकॉर्ड केले. आवाज दोनदा गायला कोबेन तयार नव्हते, तर जॉन लेननही असंच करायचे असं सांगून विग यांनी त्यांना राजी केलं. पुढे अँडी वॉलेस यांनी मिक्समध्ये त्याला आणखी चकाकी दिली. एका गिटारने ती भिंत उभी राहत नाही. गिटारवाला गेन वाढवायला गेला, मी थांबवलं. गेन वाढला की मधल्या पट्टीतला चिखल वाढतो आणि बास बुडतो. त्याऐवजी बासलाच थोडं डिस्टॉर्शन दिलं, गिटारचे ८०० हर्ट्झच्या आसपासचे मिड्स, म्हणजे मधले स्वर, वर केले आणि धृपदाआधीच्या दोन सुरांवर आवाज लहरता करणारं कोरस पेडल ठेवलं. जमलं. ज्यांना निर्वाणा पॉलिशशिवाय ऐकायचा आहे त्यांनी १९९३ चा 'इन युटेरो' ऐकावा. तो स्टीव्ह अल्बिनी यांनी मिनेसोटातल्या पॅकिडर्म स्टुडिओत रेकॉर्ड केला, आणि कोबेन यांना ते हवे होते ते त्यांनीच रेकॉर्ड केलेल्या पिक्सीजच्या 'सर्फर रोझा'मधल्या ड्रम्सच्या आवाजामुळे. अल्बिनी यांनी ठरलेली एकरकमी मजुरी घेतली, रॉयल्टी नाकारली. माझ्या धंद्यात त्यांच्याबद्दल जो आदर आहे त्याचं अर्धं कारण हे आहे.

ड्रमर आता जरा मऊ पडला होता, पण माय ब्लडी व्हॅलेंटाइनवर अडून बसला. "तो नुसता धुरळा आहे दादा. काहीही वाजवा, वर रिव्हर्ब, घुमारा ओता." बासवालीने याच गाण्यांसाठी मावसभावाची जॅझमास्टर पद्धतीची गिटार आणली होती. तिने 'व्हेन यू स्लीप'चा पहिला कॉर्ड जोरात मारला आणि सहावी तार सॅडलवरून, म्हणजे ब्रिजवरच्या तिच्या टेकूवरून, उडून शेजारच्या खाचेत जाऊन बसली.

पुढचा पाऊण तास माझ्या टेबलावर गेला, पण वाद सुटला तो तिथेच. गिटारवर ९ नंबरच्या, म्हणजे पातळ, तारा होत्या. १९५८ मध्ये फेंडरने हे मॉडेल काढलं तेव्हा गिटारवर जाड, ताठ तारा असायच्या. या गिटारला ब्रिजपासून टेलपीसपर्यंत, म्हणजे तारा अडकवतात त्या पट्टीपर्यंत, लांब अंतर आहे, त्यामुळे तारेचा ब्रिजवरचा वाक अगदी थोडा. पातळ तार तिथे खाली दाबूनच बसत नाही. जोरात मारली की उडते, नाही उडली तर कुरकुरते. मी सगळ्या तारा काढल्या, नेकचे चार स्क्रू सोडवले आणि नेकच्या खोबणीत पिकअपकडच्या टोकाला ०.६ मिमीची शिम, म्हणजे पातळ पट्टी, ठेवली, दोन व्हिजिटिंग कार्डांच्या जाडीची. शिम हेडकडच्या टोकाला ठेवली तर उलटंच होतं, ही चूक मी पुष्कळ गिटारींत पाहिलीय. एवढ्याशा तिरपाने नेक साधारण अर्धा अंश मागे झुकते आणि ब्रिज २ मिमी वर घेता येतो. तेवढ्याने वाक वाढतो. ११ ते ४९ चा जाड तारांचा संच चढवला. सॅडलचे बारके स्क्रू कंपनाने आपोआप खाली फिरतात, त्यांना निळ्या थ्रेडलॉकरचा टाचणीच्या डोक्याएवढा थेंब. नटच्या, म्हणजे हेडकडच्या पट्टीच्या, खाचांत शिसपेन्सिलीचं शिसं. ताण वाढल्याने नेक जरा पुढे वाकली होती, नेकच्या आतली सळई, ट्रस रॉड, पाव फेरा आवळला.

ब्रिज डुलतोय म्हणून मावसभावाने त्याच्या पायांना टेप गुंडाळून तो पक्का केला होता. ती टेप मी काढून टाकली. जॅझमास्टरचा ब्रिज तारांबरोबर पुढेमागे डुलायलाच हवा. तो अडवला की आर्म, म्हणजे सूर झुकवायची दांडी, सोडल्यावर तारा सॅडलवर घासून भलत्याच जागी थांबतात आणि सूर परत येत नाही.

आता आर्म. माय ब्लडी व्हॅलेंटाइनचे गिटारवादक केव्हिन शील्ड्स आर्म मुठीत धरूनच तारा छेडतात. आर्म पूर्ण आत न ढकलता, टेप लावून थोडा वर ठेवतात, म्हणजे हात तारांवर असतानाच तो पंजात राहतो. मी बासवालीला ट्यूनर समोर ठेवायला सांगितलं. प्रत्येक फटक्यासरशी काटा २०-३० सेंट (शंभर सेंट म्हणजे अर्धा सूर) खाली जाऊन परत यायला हवा. अर्धा सूर नाही, पाव सूरही नाही. पहिल्या दहा मिनिटांत तिचा काटा ६०-७० पर्यंत घसरत होता आणि ऐकताना पोटात ढवळत होतं. गिटारवाल्याने स्वतःच्या स्ट्रॅट पद्धतीच्या गिटारवर करून पाहिलं; त्याचा आर्म जरा दाबला की खूप खाली जातो, तो २० सेंटवर तोलून धरणं त्याला जमेना. मनगट सैल ठेवून, आर्म न दाबता नुसत्या हाताच्या वजनाने झुलवायचा, हे तिला साधायला आणखी वीस मिनिटं गेली. साधलं तेव्हा रिव्हर्स रिव्हर्ब, म्हणजे उलटा घुमारा, लावला, मिक्स १०० टक्के, गिटारचा टोन ४ वर. तारेवर प्लेक्ट्रम लागल्याचा 'टक्' पूर्ण गेला आणि सूर आतून फुगत आल्यासारखा झाला. शील्ड्स यांनी तो 'टक्'च काढून टाकला होता.

ड्रमर बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पण गाणं कुठंय?" प्रश्न रास्त होता. मी कोपऱ्यातली अकूस्टिक गिटार गाणारीच्या हातात दिली. तिने कॉर्ड तेवढे वाजवून चाल गायली. चाल तिथे होती, स्वच्छ, एखाद्या साध्या पॉप गाण्यासारखी. हे गाणं ज्यात आहे तो त्यांचा १९९१ चा 'लव्हलेस' अल्बम दोन वर्षं, वीसेक स्टुडिओंत रखडत झाला, त्या खर्चाच्या कहाण्या सगळे सांगतात. लोकांना तो शेकडो गिटारींचा थर वाटतो. शील्ड्स यांनी वारंवार सांगितलंय की ट्रॅक ऐकू येतात त्याहून फार कमी आहेत. एकच गिटार नीट डोलवली की ती चार गिटारींसारखी भासते, हे त्या दिवशी खोलीतल्या सगळ्यांनी ऐकलं.

रेडिओहेडला फार वेळ उरला नव्हता. 'एव्हरीथिंग इन इट्स राइट प्लेस' दहा मात्रांचं. चार-चार-दोन असं मोजलं की ड्रमरला लगेच बसलं, की-बोर्ड गाणारीने घेतला आणि गिटारवाल्याने विचारलं, मी काय करू? काहीच नाही. 'ओके कम्प्युटर'नंतर जगभर गिटार बँड म्हणून नाव झालेलं असताना २००० साली 'किड ए' अल्बमची सुरुवात या गाण्याने त्यांनी गिटारशिवाय केली. ते धाडस मी मानतो. त्यातला इलेक्ट्रॉनिक आवाज त्यांनीच शोधला असं जे बोललं जातं ते मात्र मी मानत नाही. ऑटेकर आणि एफेक्स ट्विन हे इलेक्ट्रॉनिक संगीतवाले तिथे आधी होते, आणि रेडिओहेडचे गायक थॉम यॉर्क यांनी ते लपवलेलंही नाही.

निघताना ड्रमरने पुन्हा विचारलं, मग ओव्हररेटेड कोणी नाहीच का? आहे. माझ्या मते स्मॅशिंग पम्पकिन्स. त्यांच्या 'सायमीज ड्रीम' अल्बममध्ये जिमी चेंबरलिन यांचे ड्रम्स अफाट आहेत, पण गिटारींचे थरावर थर काढले की खाली उरणारी गाणी त्या आवाजाएवढी मोठी नाहीत. या खोलीत तीनचार बँडनी ती वाजवून पाहिलीत, दरवेळी कडव्यात काय सोडायचं हेच सापडत नाही, कारण मुळात काही सोडलेलंच नाही. बासवालीला हे अजिबात पटलं नाही. पुढच्या शनिवारी ती त्यातलं 'टुडे' वाजवून दाखवणार आहे.

यादीत 'टेम' पहिलं आलं. जॅझमास्टर रात्रभर माझ्याकडेच ठेवून घेतली. नव्या तारा सकाळपर्यंत ताणून स्थिरावल्या होत्या, सातव्या फ्रेटजवळ रिलीफ, म्हणजे नेकचा किंचित पुढचा वाक, ०.२५ मिमी भरला, बाराव्या फ्रेटवर सहाव्या तारेची उंची २ मिमी. सहावी तार सगळ्या ताकदीनिशी वीस वेळा मारून पाहिली. जागची हलली नाही.