मास्क, मेडिकल आणि दोन भाषांचं गाव

साताऱ्याच्या माणसांना बेळगाव म्हटलं की सीमाप्रश्न आठवतो, नाहीतर कुंदा. 2020 मध्ये कोरोनाची साथ आली, त्यानंतरच्या दीड वर्षात मात्र साताऱ्याच्या माहेरहून जो फोन यायचा, त्यात मास्कची चौकशी असायचीच. तिकडे सक्ती आहे का, दंड किती, पोलीस कानडीतून ओरडतात का, चेकपोस्टवर काय विचारतात. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते. माझ्या सासरचं बेळगावातल्या शहापूर भागात मेडिकल आहे आणि मार्च 2020 पासून घरातल्या सगळ्यांबरोबर मीही त्या काउंटरमागे उभी असते. त्यामुळे मास्क विकणं, दिवसभर घालणं आणि मास्क घातलेल्या माणसांशी बोलणं हे सगळंच माझ्या वाट्याला आलं. त्यातलं शेवटचं सगळ्यात अवघड गेलं, आणि त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही.

आधी दंडाचं सांगून टाकते. ऑक्टोबर 2020 च्या सुरुवातीला कर्नाटक सरकारने तो शहरात 1000 आणि बाहेर 500 रुपये केला. लोक चिडले, आणि आठवडाभरातच तो 250 आणि 100 वर आला. पोलीस तुमच्याकडे ओरडायचे तसेच इथेही ओरडायचे. लांबून कानडीत "मास्क हाक्री" म्हणायचे, माणूस मराठी आहे हे कळलं की तोच पोलीस "मास्क घाला की ओ मामा" म्हणायचा. भाषेवरून कुणाला जास्त दंड झालेला मी तरी पाहिला नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण तिकडे काहीबाही ऐकायला मिळतं.

पहिल्या लॉकडाऊनच्या आधी आणि नंतरचे दिवस मात्र फार वाईट होते. केंद्र सरकारने 21 मार्च 2020 ला भाव बांधून दिले: दोन पदरी मास्क 8 रुपये, तीन पदरी 10. कागदावर भाव होता, दुकानात माल नव्हता. आमच्याकडे येणाऱ्या पेट्याच बंद झाल्या होत्या. गिऱ्हाईक दहा रुपयांची नोट पुढे धरून उभं राहायचं आणि आम्ही मान हलवायचो. लोकांना वाटायचं की आम्ही आत दडवून ठेवलेत. डॉक्टर, नर्स, टीबीचे आणि किमोथेरपी चाललेले रुग्ण यांना ज्या वस्तूची खरी गरज, तीच त्यांना मिळत नव्हती.

तेव्हा उपयोगाला आली ती इथली शिलाई मशीनं. शहापूर, वडगाव, खासबाग हा विणकरांचा भाग. घराघरांत माग आहेत, शहापुरी साडी इथलीच. माग थांबले, सूत येईना, साड्या उचलणारं कुणी नव्हतं. मग घरातल्या बायका कापडी मास्क शिवायला बसल्या. त्या वेळी तीन पदरांचं शास्त्र कुणाला ठाऊक नव्हतं, जागतिक आरोग्य संघटनेने तीन पदरी कापडी मास्कची शिफारस केली ती 5 जून 2020 ला. पण इथल्या बायकांना कापड कळतं. कुठलं सूत घट्ट विणलेलं आहे, कुठल्या कापडातून हवा जाते आणि दिवा धरला तर उजेड दिसत नाही, हे त्यांना बोटांनीच समजतं. आमच्या गल्लीतल्या एका काकींनी मला पहिला मास्क दिला तेव्हा त्याला कानात अडकवायचं इलॅस्टिक नव्हतं, नाड्या होत्या. इलॅस्टिक बाजारात संपलं होतं म्हणून. पुढे कळलं की तो नाडीचा मास्कच सगळ्यात चांगला. ते का, हे पुढे सांगते.

नंतर माल भरपूर आला आणि वेगळीच डोकेदुखी सुरू झाली. सगळ्यांना व्हॉल्व्हवालाच एन-95 हवा. श्वास सोडायला सोपा जातो, दिसायलाही भारी. पण त्या व्हॉल्व्हमधून तुमचा सोडलेला श्वास न गाळता बाहेर जातो. तुम्ही सुरक्षित, समोरचा नाही. जुलै 2020 मध्ये केंद्रीय आरोग्य खात्याने राज्यांना पत्र पाठवून याविषयी सावध केलं होतं. आम्ही ते मास्क ठेवणंच बंद केलं. गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जायचं, जाऊ दे. दुसरी गोष्ट धुण्याची. एन-95 च्या मधल्या थरात स्थिर विजेचा भार असतो, बारीक कण त्याला चिकटतात. साबणात धुतला की तो भार जातो आणि हातात नुसता जाड मास्क उरतो. हे मी रोज सांगते. माणसं ऐकतात, मान डोलावतात आणि घरी जाऊन धुतात, कारण महागाची वस्तू एका वापरात टाकायला हात धजत नाही. त्यांना मी दोष देत नाही. चार-पाच मास्क आळीपाळीने वापरा, प्रत्येकाला कागदी पाकिटात काही दिवस सुकू द्या, एवढंच सांगते.

आणि बेळगावचा पाऊस! साताऱ्यालाही पाऊस पडतो, पण इथे जूनपासून जी भुरभुर लागते ती गणपतीपर्यंत थांबतच नाही. कपडे वाळत नाहीत, तिथे मास्क कुठून वाळणार? ओला कापडी मास्क नाकाला चिकटतो, श्वास ओढताना कापड आत येतं, जीव घुसमटतो. गाडीवरून आलेला माणूस दुकानात शिरायचा तो मास्क हनुवटीवर ओढूनच. त्याला "वर घ्या" म्हणताना वाईट वाटायचं. म्हणून आम्ही काउंटरवर साधे कोरडे मास्क ठेवले होते, भिजून आलेल्याला एक द्यायचो. जुलै 2021 च्या पुरात निपाणीजवळ यमगर्णीला हायवेवर पाणी आलं आणि रस्ता बंद झाला, तेव्हा त्या भागातून कसेबसे औषधाला आलेल्या लोकांच्या अंगावर कोरडं असं काहीच नव्हतं. मास्कचं काय घेऊन बसलात!

आता मला खरं जे लिहायचं आहे ते. मास्कने मला श्वासापेक्षा बोलणं जास्त अडवलं.

लग्न होऊन इथे आले तेव्हा मला कानडीचा गंध नव्हता. मेडिकलमध्ये येणाऱ्यांपैकी बरेच मराठी बोलतात, बरेच कानडी, आणि पुष्कळ जण एकाच वाक्यात दोन्ही. मी कानडी शिकले ती पुस्तकातून नाही, समोरच्याच्या तोंडाकडे बघून. ओठ कसे मिटतात, भुवई कुठे वर जाते, प्रश्न आहे की तक्रार आहे, हे सगळं चेहऱ्यावर दिसायचं. चार शब्द कळले नाहीत तरी काम भागायचं. मास्क आला, वर आम्ही काउंटरला पारदर्शक प्लास्टिकचा पडदा लावला, आणि माझी सगळी कानडी एका दिवसात लंगडी झाली. कानडीत वीसला इप्पत्तु आणि सत्तरला एप्पत्तु म्हणतात. दोन थरांच्या कापडातून आणि प्लास्टिकमधून हे दोन शब्द वेगळे करून दाखवा! पैशाची गोष्ट असेल तर पावती दाखवून मिटते. औषधाच्या मात्रेची गोष्ट असेल तर तिथे अंदाज चालत नाही.

यामागे कारणही आहे. बोलण्यातले स, श, त, फ असे बारीक आवाज उंच पट्टीत असतात, आणि मास्क नेमके तेच खातो. साधा सर्जिकल मास्क त्या पट्टीतला आवाज तीन-चार डेसिबलने कमी करतो, एन-95 बारापर्यंत. ज्याला नीट ऐकू येतं तो ओढून-ताणून समजून घेतो. ज्याला आधीच कमी ऐकू येतं त्याच्यापर्यंत निम्मा शब्दच पोहोचतो, आणि उरलेला निम्मा तो आजवर ओठांवरून वाचत असायचा, हे त्याचं त्यालाही माहीत नसतं.

आमच्या मामंजींना कानाचं मशीन आहे, कानामागे बसतं ते. त्याच कानावर चष्म्याची काडी आणि त्यावर मास्कचं इलॅस्टिक. मास्क काढताना मशीन उडून पडतं. एकदा ते भाजी मंडईत पडलं आणि गर्दीत पायाखाली जाता जाता एका भाजीवालीने उचलून दिलं. त्या दिवसापासून मामंजींनी बाहेर जाणंच कमी केलं. मशीन हरवायची भीती, आणि मशीन असूनही लोक काय म्हणतात ते कळत नाही म्हणून. मास्कने माणूस असा घरात बसतो. रोज संध्याकाळी मित्रांबरोबर कपिलेश्वराच्या देवळापर्यंत फिरायला जाणारा माणूस! मग मी काकींचा तो नाड्यांचा मास्क शोधून काढला. डोक्यामागे दोन गाठी, कानाशी संबंधच नाही. आता आम्ही असे मास्क गल्लीतूनच शिवून घेतो आणि दुकानात ठेवतो. कानाचं मशीन असलेल्या कुणालाही आधी तोच दाखवतो. तुमच्या घरात कुणाला मशीन असेल तर कृपा करून हा बदल आजच करा. इलॅस्टिकचाच हवा असेल तर मागे बटणं लावलेली पट्टी घ्या, इलॅस्टिक कानाऐवजी त्या बटणात अडकवायचं.

दुकानात मला सगळ्यात जास्त घाबरवतं ते माणसांचं "व्हय व्हय". चंदगडकडचे लोक पूर्वीपासून बेळगावलाच येतात. त्यांचा तालुका कोल्हापूर जिल्ह्यात, पण कोल्हापूर लांब आणि बेळगाव जवळ. दवाखाना, बाजार, सोनं, सगळं इथे. शिनोळीवरून आत आलं की राज्य बदलतं, एवढाच काय तो फरक. म्हातारी माणसं दवाखान्यातून चिठ्ठी घेऊन येतात. तिथे डॉक्टरांनी मास्कमधून घाईने सांगितलेलं असतं, कधी कानडीत, कधी इंग्रजी मिसळून. मी विचारते, "समजलं ना, कसं घ्यायचं?" तर मान हलते. परत विचारलं की परत हलते. एकदा एका आजींना मी म्हटलं, "आता तुम्ही मला सांगा बघू, ही गोळी कधी घ्यायची." त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "तू तोंडावरचं काढ की बाई, मग सांगते." त्यांना ऐकू कमी येत होतं आणि कुणालाच ते सांगायची त्यांना लाज वाटत होती. दवाखान्यात, तपासणीत, औषधाच्या रांगेत त्या नुसत्या मान हलवत आल्या होत्या.

मास्क तर काढता येत नव्हता. मी पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढले. सूर्याखाली एक गोळी, चंद्राखाली एक, जेवणानंतरच्या गोळीला ताट. त्यांनी बोट ठेवून मला सगळं बरोबर सांगितलं. तेव्हापासून आमच्या दुकानात हीच पद्धत आहे. नवरा पाकिटावर मराठीत आणि कानडीत दोन्ही लिपींत लिहितो, मी चित्र काढते, आणि गिऱ्हाईक स्वतःच्या तोंडाने म्हणून दाखवतं. रांग वाढते, मागचे कुरकुरतात. कुरकुरू देत. औषध कसं घ्यायचं हे माणसाला त्याच्या भाषेत आणि त्याला कळेल अशा रीतीने सांगणं हा औषधाचाच भाग आहे, असं मला अगदी मनापासून वाटतं. साथीत तर जास्तच. भिंतीवरचे सूचनांचे फलक जिथे एकाच भाषेत असतात आणि सांगणाऱ्याचं तोंड झाकलेलं असतं, तिथे मराठी म्हातारीने काय करायचं? तुमच्याकडे पुण्या-साताऱ्यात आलेल्या एखाद्या कानडी मजुराने तरी काय करायचं?

लोकांनी मास्क घालायचा कंटाळा का केला, यावर पुष्कळ बोलून झालंय. इथल्यापुरतं सांगते. बेळगावचे खासदार आणि रेल्वे राज्यमंत्री सुरेश अंगडी 23 सप्टेंबर 2020 ला कोरोनाने गेले, तेव्हा गाव हादरलं होतं. दिल्लीत, मोठ्या दवाखान्यात, मंत्री असलेला माणूस वाचला नाही. काही दिवस रस्त्यावर एकही उघडं तोंड दिसत नव्हतं. त्यांच्याच जागेसाठी 17 एप्रिल 2021 ला पोटनिवडणूक झाली आणि त्या सभा-मिरवणुकांत मास्क हनुवटीवर आले. 27 एप्रिलच्या रात्रीपासून राज्य पुन्हा बंद. त्या मे महिन्यात ऑक्सिजन आणि इंजेक्शनसाठी आमच्या काउंटरवर माणसं कशी रडली, ते मला लिहायचं नाही. मग 3 सप्टेंबर 2021 ला महापालिकेचं मतदान झालं. त्याच्या प्रचाराला कुणी दारात आलं की मामंजी आधी त्याला मास्क वर घ्यायला लावायचे, मगच पत्रक हातात घ्यायचे, पक्ष कुठलाही असो.

2021 च्या राखीला मी येऊ शकले नाही, त्याबद्दल दादा अजून नाराज आहे. तेव्हा महाराष्ट्रातून कर्नाटकात परत शिरताना 72 तासांच्या आतला कोरोना तपासणीचा आरटी-पीसीआर रिपोर्ट लागायचा, लसीचे दोन डोस झालेले असले तरी. ऑगस्टच्या सुरुवातीला सीमेवरच्या जिल्ह्यांत शनिवार-रविवारची संचारबंदीही लावली होती. दुकान सोडून स्वॅबच्या रांगेत थांबणं जमलं नाही. चंदगडच्या लोकांसाठी तर हा रिपोर्ट म्हणजे फारच झालं. रोज दूध, भाजी घेऊन येणाऱ्याने दर तीन दिवसांनी नाकात काडी घालून घ्यायची का? गाव आणि बाजार यांच्यामध्ये राज्याची हद्द आहे म्हणून? साथीला हद्द कळत नाही, मास्क दोन्हीकडे सारखाच लागत होता. निदान दवाखान्याला येणाऱ्यांना तरी मोकळं सोडायला हवं होतं.

गणपतीला कुणी येणार असाल तर: चष्मा असेल तर नाकावर तार असलेला मास्क घ्या आणि तार नीट दाबून बसवा, वाफ वरून येते ती तिथल्याच फटीतून. दोन-तीन जादा मास्क प्लास्टिकच्या पिशवीत घाला, पाऊस इथे गणपतीपर्यंत असतोच. आणि आत्याला आणणार असाल तर तिच्या मशीनसाठी नाडीचा मास्क मी आधीच कुरिअरने पाठवते, निघायच्या आदल्या रविवारी फोन करून तिचा पत्ता तेवढा सांगा.